भावना दुखावल्याचा गुन्हा : कायदा हवा, नको, की कडक हवा?

पाऊलवाट

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी एका विनोदी कलाकाराची देवांवरची क्लिप टाकली. त्यावर मावसभावाने लिहिलं, "पाकिस्तानात बघा, आहे का कुणाची बोलायची हिंमत? आपल्याकडेही तसाच कायदा पाहिजे." लगेच होकाराचे अंगठे उमटले. ही सगळी माझ्या ओळखीची, अडीअडचणीला धावून येणारी माणसं आहेत. म्हणूनच जास्त धसका घेतला.

मी देव मानतो. ती क्लिप मलाही आवडली नाही, अर्ध्यात बंद केली. पण धर्माबद्दल वाकडं बोलणाऱ्याला सरकारने तुरुंगात टाकावं, हे मला पटत नाही. आपल्याकडे भारतीय दंडविधानाचं कलम २९५ अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत तेच २९९ झालंय. ते आहे तसं राहावं, कडक व्हावं, की जावं? श्रद्धा असणाऱ्यांनी आणि नसणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा. फक्त कुणाच्या देवावर किंवा कुणाच्या नास्तिकपणावर घसरू नका.

धोंडोपंत

कडक व्हावं. माणसाची बदनामी केली तर खटला होतो, मग कोट्यवधी लोक ज्याच्यापुढे हात जोडतात त्याची टिंगल फुकट का? धाक असल्याशिवाय जीभ ताळ्यावर राहत नाही.

चौकस

@धोंडोपंत, कडक म्हणजे किती? २९५ अ आलं तेव्हा शिक्षा २ वर्षांपर्यंत होती, १९६१ मध्ये ती ३ वर्षांपर्यंत वाढवली. तेव्हापासून भावना दुखावणं कमी झालंय असं तुम्हाला दिसतं का? मला तर तक्रारी वाढलेल्या दिसतात.

इतिहासवेडा

हे कलम आलं कसं, ते आधी बघू. १९२०च्या दशकात लाहोरमध्ये एक पुस्तिका निघाली. प्रेषित मुहंमदांच्या खासगी आयुष्यावर बोचरं, खवचट लिखाण होतं. लेखकाचं नाव गुपित ठेवलेलं, पुढे आले ते प्रकाशक राजपाल. त्यांच्यावर १५३ अ खाली खटला झाला, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवल्याचा. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लिखाण निंद्य आहे, पण हयात नसलेल्या धर्मसंस्थापकावरची टीका या कलमाच्या कक्षेत बसत नाही.

निकालानंतर पंजाबात आगडोंब उसळला. सरकारने घाईघाईने नवं कलम आणलं, ते २९५ अ. विधेयकाची छाननी करणाऱ्या समितीत जीना होते. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला, प्रामाणिकपणे धर्मचिकित्सा करणाऱ्याला या कलमातून संरक्षण मिळालं पाहिजे, असा आग्रह त्यांनी तेव्हा धरला होता.

आता पुढचं ऐका. कायदा १९२७ मध्ये झाला. एप्रिल १९२९ मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने राजपाल यांना त्यांच्या दुकानात भोसकून मारलं. फाशीविरुद्धच्या अपिलात इल्मुद्दीनची बाजू मांडायला उभे राहिले तेही जीनाच. फाशी कायम राहिली, ऑक्टोबर १९२९ मध्ये ती दिली गेली, आणि मारेकऱ्याचा गाझी, म्हणजे धर्मवीर झाला. लोक शांत व्हावेत म्हणून जो कायदा आणला, तो हातात असतानाही सुरा चाललाच. धाकाबद्दल बोलताना हे विसरू नये.

तुळशीवृंदावन

मी वेगळं बोलणार आहे. इथे बऱ्याच जणांचा सूर "भावना काय, दुखावतातच, सोडून द्या" असा होणार हे दिसतंय. ज्याच्या घरात देव हा घरातलाच माणूस असतो, त्याला ते दुखतं. खोटं दुखत नाही. माझी आजी उठल्यापासून झोपेपर्यंत देवाशी बोलायची. तिच्यासमोर कुणी घाणेरडं बोललं असतं तर तिला आपल्याच माणसाला मारल्यासारखं झालं असतं. तिने कधी कुणाविरुद्ध तक्रार केली नसती, दगड तर नाहीच उचलला असता. अशा माणसांचं दुःख मोजायचंच नाही का?

दुसरं, संख्येने कमी असलेल्या समाजाचा विचार करा. त्यांच्या श्रद्धेवर चौकाचौकात गरळ ओकली जाते ती काही चिकित्सा म्हणून नव्हे. पुढे त्यांच्या घरांवर जायचं असतं, त्याची ती तयारी असते. त्या माणसाच्या हातात एखादं कलम असू नये?

वकीलकाका

कोर्टात रोज उभा राहतो म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

आपलं कलम आणि पाकिस्तानचं २९५ सी, म्हणजे प्रेषितांच्या निंदेचं कलम, शेजारी ठेवून वाचा. आपल्या कलमात "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने" ही अट आहे. फिर्यादीला नुसतं दुखावलं म्हणून चालत नाही, आरोपीचा हेतू सिद्ध करावा लागतो. १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवलं ते याच आधारावर. धर्माचा प्रत्येक अपमान गुन्हा नाही, दुष्ट हेतूने केलेला आणि सार्वजनिक शांतता बिघडवू पाहणारा तेवढाच गुन्हा, असं त्यांनी सांगितलं. कारण घटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायला जी कारणं दिली आहेत त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे. धर्म नाही.

पाकिस्तानचं २९५ सी १९८६ मध्ये झिया-उल-हक यांच्या काळात आलं. त्यात हेतूचा शब्दच नाही. थेट किंवा आडून, सूचक बोलण्यातूनसुद्धा गुन्हा घडतो. आधी शिक्षा फाशी किंवा जन्मठेप होती. १९९० मध्ये तिथल्या फेडरल शरियत कोर्टाने जन्मठेपेचा पर्याय इस्लामशी विसंगत ठरवला, म्हणजे उरली फक्त फाशी.

पण आपलं कलम कागदावर चांगलं असलं तरी व्यवहारात काय होतं? गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तक्रार कुठेही नोंदवता येते. लिहिणारा एका टोकाला, गुन्हा दुसऱ्या टोकाच्या पोलीस ठाण्यात. कोर्टाने दखल घ्यायला सरकारची मंजुरी लागते, पण एफआयआर आणि अटक त्याआधीच होऊ शकते. हेतू होता की नव्हता हे ठरतं शेवटी, खटल्यात. तोवर माणूस तारखांना फिरत असतो.

महेंद्रसिंग धोनीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. एका मासिकाने २०१३ मध्ये त्याला विष्णूच्या रूपात मुखपृष्ठावर छापलं. त्यावरून २९५ अ खाली तक्रार झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली २०१७ मध्ये. त्याला निष्णात वकील परवडतात. महाविद्यालयातल्या मुलाने काय करायचं?

मनस्वी

वकीलकाका आले, आता धागा शंभरी गाठणार!

शब्दवेडी

वर पाकिस्तानसारखा कायदा हवा म्हणणाऱ्या मावसभावाला आसिया बीबीची गोष्ट सांगा.

जून २००९, पंजाब प्रांतातलं इट्टनवाली गाव. शेतात फालसे तोडायला बायका जमलेल्या. उन्हाळा. आसियाला पाणी आणायला सांगितलं, तिने आणलं. सोबतच्या दोन बहिणी म्हणाल्या, ख्रिस्ती बाईच्या हातचं पाणी आम्ही पिणार नाही. यावरून बाचाबाची झाली. शेतातलं भांडण, तेवढंच. पुढच्या काही दिवसांत त्या भांडणाचं प्रेषितांच्या निंदेत रूपांतर झालं. जमाव गोळा झाला, तिच्याकडून कबुली वदवून घेतली, आणि पाच दिवसांनी गुन्हा नोंदला गेला. तक्रार देणारा मौलवी भांडणाच्या वेळी शेतात नव्हताच. २०१० मध्ये फाशीची शिक्षा. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, कारण साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या. तोवर आठ वर्षं फाशीच्या छायेत गेली होती. सुटल्यावरही देश सोडावा लागला.

मध्ये काय झालं तेही बघा. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर तिला तुरुंगात भेटले आणि कायदा बदला म्हणाले. ४ जानेवारी २०११ ला इस्लामाबादमध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. कोर्टात आणलं तेव्हा त्या अंगरक्षकावर वकिलांनी फुलं उधळली. दोनच महिन्यांनी शाहबाज भट्टी हे अल्पसंख्याक मंत्री मारले गेले.

इतका कडक कायदा असून पाकिस्तान सरकारने या कलमाखाली आजवर एकालाही फाशी दिलेली नाही. माणसं मारलीयत ती लोकांनी. २०१७ मध्ये मर्दानच्या विद्यापीठात मशाल खान या विद्यार्थ्याला त्याच्याच विद्यापीठातल्या मुलांनी ठार केलं. चौकशीत त्याने निंदा केल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२१ मध्ये सियालकोटच्या कारखान्यात श्रीलंकेच्या एका व्यवस्थापकाला मारून त्याचा मृतदेह जाळला. कायद्यानेच "या गुन्ह्याला मरणच" असं सांगून ठेवल्यावर, कोर्टासाठी कशाला थांबायचं असं जमावाला वाटतं. मला या कायद्यातलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं.

वकीलकाका

@शब्दवेडी, यात एक भर. मुलतानच्या विद्यापीठातले अध्यापक जुनैद हफीज २०१३ मध्ये याच आरोपाखाली पकडले गेले. त्यांचं वकीलपत्र घेणारे रशीद रहमान यांना सुनावणीच्या वेळी कोर्टातच धमकावलं गेलं, आणि मे २०१४ मध्ये त्यांच्या कार्यालयात घुसून मारलं. हफीज यांना २०१९ मध्ये फाशी सुनावली. आरोपीला वकील मिळणं हीच जिथे जिवावरची गोष्ट होते, तिथे निकाल काय लागणार? वकील म्हणून मला हे फार लागतं.

धोंडोपंत

फाशी द्या असं मी म्हटलेलं नाही. उगाच माझ्या तोंडी घालू नका. पाकिस्तानात जे चाललंय ते त्या समाजाचं दुखणं आहे, आपल्याकडे तसं होणार नाही.

इतिहासवेडा

@धोंडोपंत, एकाच धर्माचं किंवा एकाच देशाचं हे दुखणं नाही. १७६६ साली फ्रान्समध्ये शेव्हालिए द ला बार नावाच्या विशीतल्या तरुणाचा शिरच्छेद झाला. धार्मिक मिरवणूक जाताना त्याने टोपी काढली नाही, हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक. व्होल्तेअर त्याच्यासाठी लढला. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माच्या निंदेचा जुना गुन्हा रद्द झाला तो थेट २००८ मध्ये. आणि तो गुन्हा फक्त ख्रिस्ती धर्मापुरता होता, बाकीच्यांच्या श्रद्धांचं त्या कायद्याला देणंघेणं नव्हतं.

आपल्याकडेही डिसेंबर २०२१ मध्ये सुवर्णमंदिरात विटंबनेच्या संशयावरून एकाला जागेवरच मारलं गेलं. त्याआधी २०१८ मध्ये पंजाब विधानसभेने धर्मग्रंथांच्या विटंबनेला जन्मठेप देणारं विधेयक मंजूर केलं होतं. म्हणजे "आपल्याकडे होणार नाही" यावर विसंबून राहू नका.

दूरदेशी

मी डेन्मार्कमध्ये राहते. इथे वर्तमानपत्रातल्या प्रेषितांच्या व्यंगचित्रांवरून २००५-०६ मध्ये जगभर वणवा पेटला, तरी देश मागे हटला नाही. निंदेचं जुनं कलम वर्षानुवर्षं वापरात नव्हतं, ते २०१७ मध्ये काढूनच टाकलं. मग कुराण जाळण्याचे प्रकार सुरू झाले, इतर देशांशी संबंध बिघडायला लागले, सुरक्षेची भीती वाढली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने धर्मग्रंथांची जाहीर विटंबना गुन्हा ठरवली. दंड किंवा २ वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्या वेळी माझ्या कचेरीत जेवणाच्या टेबलावर रोज हाच वाद चालायचा. माझ्या शेजारी बसणारी इराणी सहकारी तावातावाने म्हणायची, "ज्या कायद्यापासून पळून मी इथे आले, तो माझ्या मागे इथेही आला." आणि पलीकडे बसणारा तुर्की मुलगा म्हणायचा, "आमच्या मशिदीसमोर येऊन जाळतात, तेव्हा त्यांना तुझं स्वातंत्र्य नको असतं, आम्ही इथून जायला हवं असतं." मला दोघांचंही म्हणणं खरं वाटायचं. @तुळशीवृंदावन, तुमचा प्रतिसाद वाचून तो मुलगाच आठवला.

आयर्लंडने मात्र २०१८ मध्ये सार्वमत घेऊन निंदेचा गुन्हा राज्यघटनेतून काढला. सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला. एकेकाळी जिथे चर्चच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं त्या देशात हे झालं, आणि तिथल्या देवळांत आजही प्रार्थना चालू आहेत.

अस्वस्थ

अवांतर होईल, पण मराठी धाग्यावर हे कुणीच कसं बोललं नाही? आपली जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला नाही नाही ते बोलतात. आजच्या तक्रारदारांनी ते वाचलं तर वारकऱ्यांवरच गुन्हे नोंदवावे लागतील.

धोंडोपंत

ती भक्ताची शिवी आहे. लेकरू आईवर रागावतं तशी. तिची बरोबरी स्टेजवरच्या टवाळीशी करू नका.

अस्वस्थ

मान्य, दोन्हींत फरक आहे. पण तो फरक फौजदार कसा ओळखणार? तुम्ही-आम्ही परंपरेत वाढलो म्हणून ओळखतो.

आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तेव्हा तक्रार काय होती? शूद्राने वेदांचा अर्थ सांगायचा नाही, धर्म बुडतो. म्हणजे त्या काळी हे कलम असतं तर फिर्यादी कोण झाले असते आणि आरोपी कोण, विचार करा. ज्ञानेश्वरादी भावंडांना वाळीत टाकणारे, फुल्यांना धर्मबुडवे ठरवणारे, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे, या सगळ्यांच्या भावना खरोखरच दुखावल्या होत्या. मला त्यांच्या दुःखाच्या खरेपणाबद्दल शंका नाही. पण ते दुःख कायद्याने मान्य केलं असतं, तर आज आपण ज्या धर्माचा अभिमान बाळगतो तो धर्मच उरला नसता.

पाऊलवाट

@अस्वस्थ, हे मनापासून पटलं. बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये काढला तेव्हाही हेच झालं होतं ना? राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून मोर्चे निघाले, ते वगळू नये म्हणून त्याहून मोठे मोर्चे निघाले.

इतिहासवेडा

हो. आणि मार्ग निघाला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मजकूर राहिला, शासन या मतांशी सहमत असेलच असं नाही, अशा आशयाची टीप सोबत आली. कुणाला तुरुंगात जावं लागलं नाही, पुस्तकातलं पानही गेलं नाही.

सुगरण_मन

मी इतकी वर्षं नुसती वाचते, आज लिहिते. माझा मुलगा नास्तिक आहे आणि मी उपासतापास करणारी. आमची रोज वादावादी होते. त्याने काही बोललं की मला राग येतो, दोन दिवस अबोला धरते. पण माझ्या रागासाठी त्याला पोलीस धरून नेतील ही कल्पनाही सहन होत नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीतही तसंच वाटायला हवं, एवढंच म्हणायचं होतं.

मनस्वी

+१ आणि पहिल्या प्रतिसादाबद्दल स्वागत! लिहीत राहा.

संपादक मंडळ

मधले दोन प्रतिसाद काढले आहेत. कुठल्याही धर्माच्या अनुयायांना सरसकट नावं ठेवणारे प्रतिसाद राहणार नाहीत.

चौकस

मूळ प्रश्नाकडे येतो. दंगल होईल म्हणून बोलणाऱ्याला गप्प करायचं, हे तत्त्व मला सगळ्यात घातक वाटतं. कारण मग ज्याच्याकडे दगड जास्त त्याच्या भावना जास्त नाजूक ठरतात. तुळशीवृंदावन यांच्या आजीची भावना या कायद्याच्या लेखी शून्य आहे, कारण ती बस फोडणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. निदर्शनांची किंवा हिंसाचाराची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम. प्रकरण चित्रपटाचं होतं, पण तत्त्व सगळीकडे लागू आहे. आणि त्याच्या आधीच्याच वर्षी सलमान रश्दींच्या कादंबरीची आयात आपण भारतात थांबवली होती! इराणच्या फतव्याच्याही काही महिने आधी. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना मागितली तर कुणाला सापडलीच नाही.

माझं मत : २९९ जावं. हिंसेला चिथावणी देणाऱ्यासाठी वेगळी कलमं आहेत, ती नीट वापरा.

तुळशीवृंदावन

आजीचं उत्तर पटलं. ही बाजू माझ्या डोक्यात नव्हती. पण अल्पसंख्याकांचं काय, याला तुम्ही बगल दिलीत.

वकीलकाका

@तुळशीवृंदावन, माणसांवर बोट ठेवणं आणि श्रद्धेवर बोट ठेवणं यात कायद्याने फरक करावा. "अमुक लोकांना हाकला, मारा" हे माणसांविरुद्ध आहे, तिथे पोलिसांनी तासाभरात हललं पाहिजे. "अमुक ग्रंथातलं हे मला खोटं वाटतं", अगदी उद्धटपणे म्हटलं तरी, तिथे पोलिसांचं काम नाही.

कलम एका दिवसात जाणार नाही हे मला कळतं. म्हणून निदान दोन गोष्टी व्हाव्यात. सरकारची मंजुरी अटकेच्या आधी लागावी, आणि एकाच मजकुरावर एकच एफआयआर असावा.

तुळशीवृंदावन

मंजुरी देणार कोण? सत्तेवर असलेले. म्हणजे बहुसंख्यांच्या तक्रारीला दोन दिवसांत मंजुरी आणि बाकीच्यांची फाईल धूळ खात. दुसरी सूचना मान्य, पहिलीवर अजिबात विश्वास नाही. मंजुरीऐवजी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी ठेवा.

वकीलकाका

हे माझ्या सूचनेपेक्षा चांगलं आहे. आधी हेतूची प्राथमिक छाननी दंडाधिकाऱ्यांपुढे, मगच अटक. असं झालं तर निम्म्या तक्रारी दारातूनच परत जातील.

धोंडोपंत

दंडाधिकाऱ्यांची चाळणी मलाही चालेल. पण कलम पूर्ण काढायला माझा विरोध कायम. समाजात काही तरी लक्ष्मणरेषा हवी.

चौकस

रेषा असावी, पण ती समाजाने आखावी. बहिष्कार टाका, खोडून काढा, कार्यक्रमाचं तिकीट घेऊ नका. मी तुमच्यासोबत येईन.

मनस्वी

वकीलकाका, एक शंका. नुसती पोस्ट पुढे पाठवली तरी गुन्हा होतो का? कॉलेजच्या ग्रुपवर मुलं काय काय टाकत असतात.

वकीलकाका

पाठवणाऱ्यावरही गुन्हा नोंदला जाऊ शकतो. पुढे हेतू सिद्ध होतो की नाही तो भाग वेगळा. शिक्षा ७ वर्षांच्या आत असल्याने सरसकट अटक करायची नसते, एरवी पोलिसांनी आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. मुलांना एवढं सांगून ठेवा : नोटीस आली तर टाळू नका, वकिलाला घेऊन हजर व्हा. मूळ पोस्ट, तिच्या आधीचं-नंतरचं संभाषण, सगळं जपून ठेवा. घाबरून पुसून टाकू नका, कारण कोणत्या ओघात काय म्हटलं होतं हे दाखवायला पुढे तेच लागतं. आणि ठाण्यात बसून घाईघाईने माफीनामा लिहून देऊ नका, तो कबुलीजबाब म्हणून पुढे करायचा प्रयत्न होतो.